पाठ टेकली तरी डाव संपत नाही

कुंभवलीहून तुमची बचत गटाची ताई बोलतेय. हातातलं काम चालू राहू द्या, कान मात्र इकडे असू द्या. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज मी कुस्तीबद्दल बोलणार आहे, आणि तीही चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांच्या कुस्तीबद्दल.

हे खूळ डोक्यात कुठून आलं ते आधी सांगते. गेल्या वर्षी आषाढात आमच्या गटातल्या एक काकू अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या. वय ५२. पडताना त्यांनी हात मागे टेकवला, जसा आपण सगळ्याच टेकवतो. मनगट मोडलं. बोईसर स्टेशनबाहेर भाजी विकणारी बाई. सहा आठवडे प्लॅस्टर, आणि ते निघाल्यावरही पाटी उचलवेना. गटाचा पहिला हप्ता त्यांनी शेजारणीकडून उसने घेऊन भरला. दुसरा भरता आला नाही. तिसऱ्या बैठकीला त्या आल्याच नाहीत. आम्ही दोघी-तिघी घरी गेलो तेव्हा म्हणाल्या, "पडले त्याचं काही नाही गं. पण आता खाली बसायचीच भीती वाटते. बसले आणि उठता आलं नाही तर?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. जिने तीस वर्षं आवणी केली, चुलीपुढे बसून भाकऱ्या थापल्या, तिला आता जमिनीची भीती!

मे महिन्यात माझी भाची सुट्टीला आली. ती मुंबईला नोकरी करते आणि संध्याकाळी एका वर्गात ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकते. नाव अवघड आहे, पण खेळ आपल्या कुस्तीचाच चुलत भाऊ समजा. यात बुक्की नाही, लाथ नाही. एकमेकींना धरायचं, खाली आणायचं आणि जमिनीवरच झुंजायचं. समोरचीचा हात, पाय किंवा मान अशा पेचात धरायची की ती हाताने थाप मारून म्हणेल, "सोड, हरले." अंगात जाड सुती अंगरखा आणि कमरेला पट्टा. पट्टा आधी पांढरा, मग निळा, जांभळा, तपकिरी आणि शेवटी काळा. काळ्यापर्यंत पोचायला बहुतेकांना दहा वर्षं लागतात.

मी तिला सहज विचारलं, "तुमच्यात सगळी पोरंपोरीच असतील ना?" ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडे पन्नाशीचे लोक येतात. या खेळात ३० वर्षांच्या पुढे वेगळे गटच असतात." त्या गटांना मास्टर म्हणतात. पहिला ३० पासून, दुसरा ३६ पासून, मग ४१, ४६, ५१, ५६, आणि शेवटचा ६१ च्या पुढे. जोड वयाप्रमाणे लागते, वजनाप्रमाणे लागते आणि पट्ट्याप्रमाणेही लागते. मी छत्तिशीची, म्हणजे मास्टर दोन! हे ऐकून काकूंना काय वाटेल, असा विचार तेव्हाच मनात आला.

आता आपल्याकडची गोष्ट बघू. कुस्ती आपल्या मातीतली. कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारतातल्या कुणा एका खेळाडूने मिळवलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. पहिलवानाचं वय झालं की तो फडातून बाहेर पडतो, पण तालमीतून बाहेर पडत नाही. तो वस्ताद होतो. गणपतराव आंदळकर १९६० चे हिंदकेसरी. त्यांनी पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत कितीतरी मल्ल घडवले. वस्तादाचा जोर कमी झालेला असतो, पण समोरच्याचा तोल कुठे सुटतोय हे त्याला बसल्या जागी दिसतं. वयाबरोबर ताकद जाते आणि नजर येते, हे आपल्या तालमींना पूर्वीपासून माहीत आहे.

पण हे झालं पुरुषांचं. बाईचं काय? हमिदा बानू हे नाव ऐकलंय का? मूळच्या त्या उत्तर प्रदेशातल्या. १९५४ साली बडोद्याला त्यांनी बाबा पहिलवानाला एक मिनिट चौतीस सेकंदांत चीत केलं. त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या वेरा चिस्तिलिन यांनाही एका मिनिटाच्या आत हरवलं. पुढचं आयुष्य त्यांनी कल्याणला काढलं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, त्याआधी आपण आणि कल्याण एकाच ठाणे जिल्ह्यात होतो. म्हणजे ही बाई आपल्याच जिल्ह्यात राहून गेली! कुस्ती सुटल्यावर त्यांनी दूध विकलं, कधी रस्त्याकडेला घरी केलेले खाण्याचे पदार्थ विकले. १९८६ साली त्या वारल्या. इतकी विद्या अंगात असूनही त्यांच्याभोवती ना तालीम उभी राहिली, ना त्यांना कुणी वस्ताद म्हटलं. आता दिवस बदलतायत. २०२३ साली सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. पण ती झाली तरुण मुलींची गोष्ट. काकूंसारखीला कोण शिकवणार?

म्हणून जिउ-जित्सूकडे वळू. ही विद्या आली जपानहून. जिगोरो कानो नावाच्या शिक्षकांनी १८८२ साली तोक्योत जुन्या जुजुत्सू विद्येतून जुदो उभा केला. त्यांच्या शाळेतले मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोचले आणि तिथल्या ग्रेसी घराण्यातल्या कार्लोसला त्यांनी शिकवलं. कार्लोसचा धाकटा भाऊ एलिओ. घरातले सांगत की हा पोरगा अंगाने किडकिडीत होता, जोराचे डाव त्याला जमत नसत. म्हणून त्याने असे डाव घोटले की जोर कमी लागेल आणि तरफ जास्त चालेल. तरफ म्हणजे पहार हो! शेतातला धोंडा दोन माणसांना हलत नाही, पण पहारेखाली लहान दगड ठेवून एकटी बाई तो उलटवते. तेच गणित. एलिओ ग्रेसी २००९ साली ९५ व्या वर्षी वारले आणि नव्वदी ओलांडल्यावरही ते सराव करत होते.

बाईचं उदाहरण हवं असेल तर जपानच्या केइको फुकुदा घ्या. त्यांचे आजोबा हे कानोंचे गुरू. केइको पाच फुटांच्याही आत. जुदोत त्यांना पाचव्या पायरीवर कितीतरी वर्षं अडवून ठेवलं, कारण बाईला त्याच्या वर चढवायची रीत नव्हती. सहावी पायरी मिळाली ती १९७२ साली. २०११ साली अमेरिकेच्या जुदो संस्थेने त्यांना सर्वांत वरची दहावी पायरी दिली, तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या. सॅन फ्रान्सिस्कोत नव्वदीनंतरही त्या शिकवत असत. हमिदा बानूंना जे मिळालं नाही ते यांना मिळालं, पण केवढ्या उशिरा!

आता मुद्द्याचं सांगते. आपल्या कुस्तीत पाठ जमिनीला टेकली की निकाल लागला. चितपट! ढोल वाजतो, वरचा उठतो, खालचा माती झटकतो. जिउ-जित्सूत मात्र पाठ टेकली म्हणून कुणी हरत नाही. उलट खालून झुंजायचे डावच यात भरपूर. खाली असलेलीला तिथून वरचीला अडवता येतं, उलटवता येतं, पेचातही धरता येतं. खालून उलटवून वर आलं तर स्पर्धेत दोन गुण मिळतात. जिचं वय झालंय, वजन कमी आहे, दम कमी आहे, ती कधी ना कधी खाली जाणारच. तिथे गेल्यावर काय करायचं हे आधीच ठाऊक असलं की निम्मी भीती तिथेच जाते.

भाचीने आम्हाला समाजमंदिरात शिकवलं. खाली जुन्या गाद्या, वर सतरंज्या. पहिल्या दिवशी अकरा जणी आल्या. कुणी लेकीची ट्रॅक पँट गाऊनखाली घातलेली, कुणी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधलेली. दार लावून घेतलं. पहिला अर्धा तास नुसतं हसण्यात गेला. सुट्टी संपेपर्यंत सात जणी टिकल्या. काय शिकलो ते एकेक करून सांगते.

पहिलं, पडणं. घसरलं की हात मागे जातो आणि सगळं वजन मनगटावर येतं. शिकायचं ते असं: हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ वाटीसारखी गोल करायची. हात मागे न टेकवता छातीशी घ्यायचे, किंवा बाजूला सपाट पडू द्यायचे. सुरुवात उभं राहून करायचीच नाही. गादीवर उकिडवं बसायचं आणि तिथून हळूच मागे लोळायचं. रोज दहा वेळा. पाय खरोखर घसरतो तेव्हा विचार करायला वेळ नसतो, पण सवय लागली असेल तर हनुवटी आपोआप आत येते. आणि हो, अंगणातल्या शेवाळावर ब्लीचिंग पावडर टाकून घासायचं विसरू नका. न पडणं हा सगळ्यांत चांगला डाव!

दुसरं, टेकू. वरून कुणी दाबत असेल तर हात लांब करून ढकलू नका. स्नायू मिनिटभरात थकतो. त्याऐवजी कोपर दुमडून पुढचा हात आडवा धरायचा, तिच्या कमरेला किंवा खांद्याला. आता वजन हाडावर आलं. मांडवाची मेढ कधी थकते का? तसंच हे. कोपरं कायम बरगड्यांना चिकटून ठेवायची. पाण्याचा हंडा कमरेला लावला तर मैलभर नेता येतो, हात लांब करून धरला तर दोन पावलंही नेववत नाही. हातांचंही तसंच आहे.

तिसरं, कोळंबी. हसू नका, या डावाला कोळंबीचंच नाव आहे, आणि सातपाटीची कोळंबी खाणाऱ्या आपल्याला तो चटकन कळायला हवा! उताणं पडायचं, एका कुशीवर व्हायचं, पाय रोवायचा आणि कुल्ले मागे ढकलायचे. अंग कोळंबीसारखं वाकतं आणि आपण हातभर सरकतो. तेवढ्या जागेत गुडघा आत घालायचा. गुडघा मध्ये आला की वरचीचं वजन आपल्या छातीवर राहत नाही, नडगीवर येतं. या डावाला जोर अगदी कमी लागतो. वय झालेल्यांनी हा एकच डाव रोज घोटला तरी पुष्कळ झालं, असं भाची सांगत होती.

चौथं, उलटवणं. कुणी पोटावर बसलंच, तर आधी तिचा एक हात आपल्या छातीशी कवटाळायचा. त्याच बाजूचं तिचं पाऊल आपल्या पावलाने अडवायचं. आता त्या बाजूला तिला ना हात टेकता येतो, ना पाय. मग दोन्ही पाय रोवून कुल्ले जोरात वर उचलायचे आणि त्याच बाजूच्या खांद्यावरून वळायचं. एक पाय मोडलेल्या स्टुलासारखी ती कलंडते. आमच्यातल्या सगळ्यांत बारीक बाईने सगळ्यांत जाड बाईला असं उलटवलं, तेव्हा दारामागे ऐकत उभी असलेली पोरं टाळ्या वाजवत होती!

पाचवं, उठणं. बसल्या जागेवरून उजवा हात थोडा मागे टेकायचा. डावा पाय दुमडून तळवा जमिनीवर. या दोघांवर भार देऊन कुल्ले उचलायचे, आणि उजवा पाय खालून मागे ओढून घ्यायचा. उभं! डावा हात तोंडापुढे राहतो, नजर समोर राहते. मनगट दुखत असेल त्यांनी मागे एखादा भक्कम पाट ठेवून त्यावर हात टेकायचा. काकूंनी डावा हात टेकवून हे शिकून घेतलं, कारण त्यांचं उजवं मनगट अजून पुरतं वळत नाही.

हे झाले डाव. आता वय झालेल्यांनी खेळायचं कसं, ते ऐका. जिउ-जित्सूतले जुने खेळाडू तरुणांशी वेगात स्पर्धा करत नाहीत. ते चिकटून खेळतात, कारण अंगाला अंग लागलं की समोरचीचा वेग कामाला येत नाही. वर असल्या तर उड्या मारत नाहीत, ओल्या गोणीसारखं वजन टाकून स्वस्थ राहतात आणि समोरचीला दमू देतात. पन्नास डाव शिकत बसत नाहीत, तीन-चार डाव पक्के करतात. उड्या मारून धरणं, मानेवर उलटं होणं, उभ्याने जोरात आपटणं हे सोडून देतात आणि गुडघ्यांवर बसूनच झुंज सुरू करतात. बोटांनी कपडा करकचून धरत नाहीत, कारण बोटांची पेरं सुजतात. बादलीच्या कडीला बोटं अडकवतो तशी नुसती अडकवतात. आणि श्वास! जोर लावताना श्वास कोंडला की दम संपलाच. मुसळ खाली येताना तोंडातून "हुं" निघायचा, आठवतंय? आपल्या आज्यांनी तो श्वास कुठल्या वर्गात शिकला नव्हता. जोराच्या वेळी श्वास सोडायचा, एवढंच.

सरावाचंही तसंच. आठवड्यातून दोन दिवस पुरे. मधले दिवस विश्रांतीचे, कारण वय वाढतं तशी दुखरी जागा भरून यायला वेळ लागतो. आधी दहा मिनिटं अंग मोकळं करायचं. जोडीदारीण निवडून घ्यायची. फार जड, फार तरुण किंवा हट्टी असेल तिला सरळ सांगायचं, "आज नाही गं." त्यात कमीपणा नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, ती थाप. पेच बसला, सांध्याला ताण आला, की हाताने दोनदा थाप मारायची. हात अडकला असेल तर पायाने मारायची, नाहीतर तोंडाने "सोड" म्हणायचं. थाप ऐकली की समोरचीने त्याच क्षणी सोडायचं. हा नियम मोडणारीला आम्ही खेळात घेणार नाही, असं भाचीने पहिल्याच दिवशी बजावलं. १९५१ साली रिओ शहरात एलिओ ग्रेसींची जपानच्या किमुरांशी लढत झाली. किमुरांनी त्यांचा हात पिरगाळून पेचात धरला. एलिओ थाप मारेनात. शेवटी मोठ्या भावाने, कार्लोसने, त्यांच्या वतीने लढत थांबवली. त्या पेचाला आज किमुरा म्हणतात. लोक एलिओंच्या हिमतीचं कौतुक करतात, आणि ते करावंच. पण मैत्रिणींनो, आपल्याला दुसऱ्या दिवशी पाटी उचलायची असते. आपल्या वतीने थांबवायला मोठा भाऊ काठावर उभा नसतो. आपली थाप आपणच मारायची, आणि दुखायच्या आधी मारायची.

हे ऐकताना काकू एकदम म्हणाल्या, "म्हणजे मी हप्त्याची थाप मारली नाही, असंच ना?" सगळ्या गप्प झाल्या. खरंच होतं ते. हप्ता चुकणार हे जी बाई आधी सांगते तिच्यासाठी गट मार्ग काढतो, मुदत वाढवतो. जी लपवते ती एकटीच पेचात अडकून राहते, आणि आपल्याला पत्ता लागतो तो सांधा निखळल्यावर. आणि चूक त्यांची एकटीची नव्हती. थाप ऐकू यायला समोर ऐकणारं कुणी लागतं. त्या दिवसापासून आमच्या बैठकीत हिशेबाच्या आधी मी विचारते, "आज कुणाला थाप मारायची आहे का?" आधी हसू होतं, मग कुणीतरी बोलतं.

आता जरा जपून सांगायची गोष्ट. शेवटच्या दिवशी सगळ्या निघून गेल्यावर एकजण मागे थांबली. सतरंजी घडी करता करता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "ताई, वर कुणी बसलं असेल तर खरंच निसटता येतं का?" ती खेळाबद्दल विचारत नव्हती, हे मला कळलं.

मी तिला खोटं सांगितलं नाही, तुम्हालाही सांगत नाही. दहा-बारा दिवसांच्या सरावाने दारू प्यायलेला, अंगाने दुप्पट माणूस आवरता येत नाही. हातात कोयता किंवा काठी असेल तर तिथे डाव चालत नाही. कोळंबी कशासाठी? क्षणभर जागा मिळावी म्हणून. उठणं कशासाठी? दाराकडे धावता यावं म्हणून. झुंजत बसायचं नाही. ओरडायचं, बाहेर पडायचं, शेजारी गाठायचे. ११२ वर फोन केला की पोलिसांची मदत येते. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. आणि २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आपल्यासाठीच आहे. त्यात प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, तक्रार तिथे करता येते, आणि राहत्या घरातून बाईला असं हाकलून देता येत नाही. हे सगळं मी तिला सांगितलं. मग ती बसली आणि बोलली. काय बोलली ते तिचं आणि माझं. पण पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी पालघरला जाऊन आलो, एवढं सांगते.

आता कुणी हे करू नये, तेही ऐका. दिवस गेलेले असतील, अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, हाडं ठिसूळ झाल्याचं सांगितलं असेल, मानेचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल, रक्तदाब आवाक्यात नसेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना विचारा. आशाताईंना सोबत न्या. मानेचे पेच आमच्या भाचीने आम्हाला शिकवलेच नाहीत, आणि ते शिकवणारी जाणकार व्यक्ती नसताना कुणी करूही नयेत. मोबाईलवर बघून तर मुळीच नको. पण गादीवर लोळणं, कोळंबी आणि उठणं या तीन गोष्टी बहुतेकींना हळूहळू जमतील. सोबत एखादी असू द्या, म्हणजे थाप ऐकायला कुणीतरी असेल.

एक गोष्ट भाचीने जाताना सांगितली. तिच्या वर्गात शहरातले लोक येतात, त्यांना उकिडवं बसता येत नाही. मांडी घालता येत नाही. महिनोन् महिने त्यांना नुसतं जमिनीवर वावरायला शिकवावं लागतं. "मावशी, तुमच्या गटातल्या बायका पहिल्याच दिवशी उकिडव्या बसल्या, घट्ट धरलं, वाकल्या, सरकल्या. ही कमाई त्यांना माहीतच नाही," असं ती म्हणाली. आवणीने कंबर दिली, हंड्याने तोल दिला, जात्याने पकड दिली. त्या कष्टांनी आपल्याला झिजवलंही, हेही खोटं नाही. पण झिजल्यावर जे उरलंय ते वापरायचं कसं, हे शिकता येतं.

काकू आता पुन्हा स्टेशनबाहेर बसतात. पाटी लहान केलीय, दोन खेपा करतात. थकलेला हप्ता चार भागांत वाटून दिला, त्यातले तीन त्यांनी फेडले. मागच्या बैठकीत त्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या होत्या. बैठक संपली तेव्हा मी सवयीने त्यांना हात द्यायला गेले. त्यांनी माझा हात बाजूला केला, डावा हात मागे टेकला, पाय ओढून घेतला आणि उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चल, पाच चाळीसची गाडी यायच्या आत पोचायचंय मला."

तुमच्या गटात कुणी अशी असेल, जी खाली बसायला घाबरतेय, तर हे तिला ऐकवा. आणि तुमच्या बैठकीतही तो प्रश्न विचारून बघा, आज कुणाला थाप मारायची आहे का. पुन्हा भेटू. तोवर जपून चाला, पावसाचे दिवस आहेत. नमस्कार.